आंबट लावल्यावर पितळ गुलाबी का पडतं, आणि ते परत पिवळं कसं करायचं

गणपतीच्या आधी समई, तांब्या, घंटा, परात असं सगळं एका टबात लिंबूसत्त्वाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) गरम पाण्यात भिजत घालायचं. तासाभराने काढून बघावं तर काळपटपणा गेलेला असतो, पण पितळ पिवळंधमक निघण्याऐवजी तांबूस, गुलाबीसर निघतं. मळ राहिला असेल असं वाटून आणखी लिंबू, आणखी तासभर भिजवणं, आणि भांडं आणखी लाल. दिवाळीला पुन्हा तेच. दरवर्षी भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत हा प्रश्न हमखास येतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ठणकावून सांगतं, "तुमचं पितळच भेसळीचं आहे." बहुतेक वेळा तसं काही नसतं.

आधी थोडक्यात उत्तर. ती लाली मळ नाही. ते तांबं आहे, त्याच भांड्यातलं. आंबटाचं काम पहिल्या काही मिनिटांतच संपलेलं असतं. त्यानंतर भांडं जितकं भिजेल तितकं लाल होत जातं. आणि ही लाली घालवायला आणखी आंबट नको, घासायला हवं.

आत काय घडतं

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. घरातल्या पत्र्याच्या भांड्यांत साधारण 60 ते 70 टक्के तांबं असतं, बाकी बहुतेक जस्त. यांतलं जस्त फार उतावळं, आंबट दिसलं की विरघळायला लागतं. तांबं त्या मानाने ढिम्म. साध्या लिंबाचिंचेने ते हवेच्या मदतीशिवाय जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे भांडं आम्लात पडून राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांब्याची पातळ साय मागे उरते. सगळ्यात सरळ कारण हे.

पण एवढं एकच कारण असतं तर जुनं, फार काळवंडलेलं भांडं नव्यापेक्षा जास्त लाल का होतं, हे कळलं नसतं. भांड्यावरचा काळा थर बराचसा तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. वरचं ऑक्साइड काळं, त्याच्या खालचं लालसर. काळं आम्लात सरळ विरघळतं. लाल मात्र विरघळताना दुभंगतं: त्यातलं निम्मं तांबं पाण्यात जातं आणि निम्मं धातू होऊन तिथेच चिकटून राहतं. म्हणजे थर जितका जुना आणि जाड, तितकी लाली जास्त. शिवाय पाण्यात गेलेलं तांबंही गप्प बसत नाही. पितळेतल्या जस्ताशी ते जागेची अदलाबदल करतं, जस्त पाण्यात जातं आणि तांबं भांड्यावर येऊन बसतं. टबातलं पाणी निळसर-हिरवट दिसायला लागलं की त्यात तांबं भरपूर झालंय असं समजायचं. ते पाणी पुढच्या खेपेला वापरायचं नाही. काटकसर म्हणून लोक तेच पाणी तीन-चार खेपांना वापरतात आणि शेवटच्या खेपेची भांडी सगळ्यात लाल का, याचं नवल करत बसतात.

हीच तक्रार एका अगदी वेगळ्या मंडळींची आहे. अमेरिकेत नेमबाजीच्या छंदातले बरेच लोक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरतात. पुंगळीचं पितळ ठरलेलं असतं, 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. धूर आणि काजळी काढायला ते त्या सायट्रिक ॲसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात धुतात आणि आपल्यासारखेच हळहळतात की पुंगळ्या गुलाबी निघाल्या. तिथे भेसळीचा प्रश्नच नसतो, कारखान्यातून तोलून-मापून आलेलं पितळ असतं ते. पिवळेपणा परत आणायला ते पुंगळ्या अक्रोडाच्या कवचाच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भरड्यात घालून यंत्रात तासन्‌तास फिरवतात. शेवटी घासतातच.

मग आजीच्या हातून पितळ लाल का होत नसे?

कारण ती भिजवत नसे. चिंचेचा कोळ किंवा कोकणात आमसुलं, बिंबलं हातात घेऊन भांड्यावर चोळायची, त्याच हाताने राखेने घासायची आणि लगेच धुऊन टाकायची. आंबट काळा थर सैल करतं, घासण्याने तो थर निघतो आणि त्याखाली नुकतीच तयार होऊ लागलेली तांब्याची साय तिथल्या तिथे खरवडली जाते. राखेचं दुसरंही काम होतं, ते आपण विसरलो. लाकडाची राख अल्कधर्मी असते, त्यामुळे उरलेलं आंबटही ती मारून टाकते. आम्ल, घर्षण आणि अल्क हे सगळं दोन-चार मिनिटांत व्हायचं. आपण यातलं फक्त आम्ल उचललं, त्याचा वेळ तासभर केला आणि वरून पाणी गरम केलं. हात दुखत नाहीत हे खरं, पण पितळ गुलाबी पडणारच.

परदेशी राहणाऱ्यांनी पितळेची भांडी डिशवॉशरमध्येही घालू नयेत. तिथल्या तीव्र साबणाने आणि उष्णतेने पितळ कळाहीन होतं, पुष्कळदा तांबूसही पडतं.

तुमची लाली कुठल्या जातीची आहे, ते आधी बघा

सगळीकडे सारखी, मंद, मॅट गुलाबी छटा असेल तर भांडं जास्त वेळ भिजलं, बस. हा सगळ्यात सोपा प्रकार.

डाग-डाग असतील, कुठे पिवळं कुठे लाल, बोटांचे ठसे उमटल्यासारखं, तर भांडं आंबटात घालण्याआधी तेलकट होतं. समईच्या बाबतीत हे जवळजवळ ठरलेलं. तेलाचा चिकट थर जिथे असतो तिथे आम्ल पोचत नाही, शेजारी मात्र ते खात राहतं. वातीच्या खोबणीत आणि समईच्या ताटलीत जो हिरवट चिकटा जमतो, तो नुसतं तेल नसतो. खवट तेलातली आम्लं आणि तांबं यांचा मिळून तयार झालेला साबणासारखा पदार्थ असतो. लिंबाने तो नीट निघत नाही. आधी कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्याचा साबण घालून, जुन्या टूथब्रशने सगळ्या खाचा घासून तेल पूर्ण काढायचं. पाणी भांड्यावरून थेंब-थेंब न होता सलग पसरून वाहिलं की तेल गेलं असं समजा. माझ्या मते डागांच्या निम्म्या तक्रारी या एका पायरीने संपतील, पण ती कंटाळवाणी असल्यामुळे सगळे तीच गाळतात.

लाली चकचकीत, नव्या तांब्याच्या पैशासारखी असेल तर टबात लोखंड शोधा. तारेची घासणी, गंजका चमचा, बादलीची कडी, समईच्या आतला लोखंडी स्क्रू, काहीही. आंबट पाण्यात तांबं विरघळलेलं असताना लोखंड पितळेला टेकलं की लोखंड विरघळायला लागतं आणि पाण्यातलं तांबं पितळेवर येऊन बसतं. हा सरळसरळ तांब्याचा मुलामा झाला, बॅटरी न लावता. दागिने घडवणारे कारागीर आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालत नाहीत, तांब्याचा वापरतात, ते याचमुळे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही तसाच घोळ होतो. टब प्लास्टिकचा घ्या, चिमटा लाकडाचा.

एकाच समईचा दांडा लाल आणि ताटली पिवळी, असंही होतं. समईचे भाग वेगवेगळे ओततात आणि मग आट्यांनी जोडतात. ओतकामाला मोडीचं पितळ वापरलं असेल तर प्रत्येक भागात जस्ताचं प्रमाण वेगळं येऊ शकतं. जस्त 38-40 टक्क्यांच्या वर गेलं की पितळेच्या आत जस्ताने श्रीमंत असे वेगळे कण तयार होतात आणि आंबट आधी त्यांच्यावर तुटून पडतं. म्हणून ओतीव वस्तू पत्र्याच्या भांड्यापेक्षा लवकर लाल होऊ शकतात. याला भेसळ म्हणायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा; ओतकाम असंच चालतं.

भांडं टबातून पिवळं निघालं, पण सकाळी बघितलं तर तांबूस-तपकिरी? मग आम्ल राहून गेलं. खाचेत, कडेच्या दुमडीत, कडीच्या बुडाशी. नुसतं नळाखाली धरून ते जात नाही.

हिरवे ठिपके उठत असतील तर मीठ. लिंबू-मीठ ही जोडी झटपट काम करते आणि म्हणूनच लोकांना आवडते, पण मिठातलं क्लोराइड पितळेच्या बारीक छिद्रांत राहतं आणि पावसाळी दमट हवेत तिथून हिरवट भुकटी बाहेर येत राहते. रोजच्या वापरातल्या परातीला फरक पडत नाही, ती रोज धुतली जाते. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला मीठ लावू नका.

मूर्तींचं एक आणखी. अभिषेकातल्या दह्यात लॅक्टिक आम्ल असतं. पंचामृत घातल्यावर देव नुसते पुसून जागेवर ठेवले तर मुकुटाच्या आणि पावलांच्या खाचांत ते आंबट दिवसेंदिवस बसून राहतं. खाचा लाल आणि उंचवटे पिवळे अशी मूर्ती दिसली की कारण बहुधा हेच. कोमट पाण्याने मऊ ब्रश फिरवून लगेच कोरडं करणं, एवढंच पुरतं.

आणि शेवटची शक्यता, जिची खात्री सगळ्यात आधी करायला हवी: ती वस्तू पितळेची आहे का? चुंबक लावून बघा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. जस्ताच्या ओतीव शोभेच्या वस्तूंना चुंबक चिकटत नाही, पण त्या पितळेच्या मानाने हलक्या लागतात आणि बुडाशी, न दिसणाऱ्या जागी जरा खरवडलं तर पांढरट-करडा धातू दिसतो. अशा वस्तूंवर पितळी मुलाम्याच्या खाली पुष्कळदा तांब्याचा थर दिलेला असतो. आंबटाने वरचा मुलामा गेला की खालचं तांबं दिसतं. ही लाली घासून पिवळी होत नाही, घासाल तर तांबंही जाईल. तिथेच थांबा.

घालवायची कशी

आधी नाण्याएवढी जागा निवडून तिथे मऊ सुती कापडाने धातूचं कुठलंही चांगलं पॉलिश मिनिटभर चोळा. पिवळं दिसलं तर साय वरवरची आहे आणि सगळं भांडं असंच ठीक होईल. दहापैकी नऊ भांडी इथेच सुटतात. पॉलिश नसेल तर चाळलेली राख ओली करून, किंवा अगदी बारीक, वस्त्रगाळ विटकरीची पूड चालते. रांगोळी नको, तिचे कण जाड असतात आणि ओरखडे उठतात. तारेची घासणी तर नकोच. चोळताना एकाच दिशेने चोळा. ठोक्यांची नक्षी असलेल्या भांड्यावर, ज्याला तांबट मठारकाम म्हणतात, गोल-गोल चोळलं तर ठोक्यांच्या कडा बुजतात आणि भांडं बोथट दिसायला लागतं.

नक्षीकाम फार बारीक असेल आणि कापड आत पोचत नसेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं तेच. तांबं साध्या आम्लात विरघळत नाही, पण आम्लाच्या जोडीला ऑक्सिजन देणारं काही असलं की विरघळतं. पेरॉक्साइड तेवढंच काम करतं. प्लास्टिकच्या भांड्यात एक वाटी पेरॉक्साइड, एक वाटी पाणी, एक चहाचा चमचा लिंबूसत्त्व. वस्तू त्यात बुडवायची आणि समोर उभं राहायचं. बुडबुडे येतात, पाणी हळूहळू निळसर होतं, लाली उतरते. एक-दोन मिनिटांनी काढून बघा, गरज असेल तरच पुन्हा बुडवा. पितळ पिवळं पण जरा निस्तेज निघतं, वरून हलकं पॉलिश लागतंच. काही गोष्टी मात्र पाळा: हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, झाकण लावू नका कारण वायू सुटतो, आणि लिंबूसत्त्वाऐवजी व्हिनेगर घालू नका, कारण त्यातून डोळ्या-नाकाला झोंबणारं परॲसिटिक आम्ल तयार होतं. ब्लीच जवळपासही नको. वापरलेलं पाणी भरपूर पाणी ओतून मोरीत सोडा, झाडांना नको, त्यात तांबं असतं. कल्हई केलेल्या भांड्याला, चांदीचे डोळे बसवलेल्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीला आणि जुन्या मोलाच्या वस्तूंना हा उपाय करायचा नाही.

घासूनही लाली जात नसेल, बोटाला पृष्ठभाग खरखरीत आणि बारीक छिद्रांचा लागत असेल, तर जस्त आतपर्यंत गेलेलं आहे. सतत पाणी साठणाऱ्या जुन्या तोट्या आणि नळांत हे दिसतं. तिथला धातू ठिसूळ स्पंजासारखा झालेला असतो; तोटी बदला. शोभेची वस्तू असेल तर तांबटाकडे किंवा बफिंगवाल्याकडे देऊन थर उतरवून घेता येतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आजही हातोड्याचा आवाज ऐकू येतो; गावात तांबट नसेल तर पॉलिशवाला गाठा आणि त्याला आधीच सांगा की नक्षी जाता कामा नये.

पुढच्या वेळी

आधी सोड्याच्या पाण्याने तेल काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात सपाट चहाचा चमचाभर लिंबूसत्त्व, त्याहून जास्त नाही. भांडं घातलं की घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांनी काढून चोळायला लागा, पाच मिनिटांच्या वर नको. काळा थर जाड असेल तर एकदा लांब भिजवण्यापेक्षा थोडं भिजवा, घासा, पुन्हा थोडं भिजवा. दर खेपेला नवं पाणी. काही काळे डाग ऑक्साइडचे नसून सल्फाइडचे असतात, ते आंबटाला दाद देत नाहीत. त्यांच्या मागे लागून भांडं भिजवत ठेवाल तर बाकीचं लाल होईल आणि डाग तसाच राहील. त्याला पॉलिशच.

काढल्यावर लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात भांडं बुचकळा, मग साध्या पाण्यात दोनदा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. आणि लगेच पुसा. निथळत ठेवायचं नाही. सुक्या कापडाने पुसून थोडा वेळ उन्हात किंवा पंख्याखाली. शोभेच्या वस्तूंवर मेणाचं पातळ बोट फिरवलं तर चकाकी बरीच टिकते. खोबरेल लावू नका. कालांतराने ते खवट होऊन तोच हिरवा चिकटा तयार करतं.

नव्या शोभेच्या वस्तूंवर कारखान्यातून पारदर्शक लॅकर येतं. तो थर शाबूत असेल तर नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. एकदा त्याला ओरखडा पडला की आंबट आत शिरतं आणि लॅकरखाली नागमोडी लाल-काळ्या रेघा पसरतात, ज्या वरून कितीही घासा, जात नाहीत. आधी थिनरने सगळं लॅकर काढावं लागतं.

अमोनियाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण काच पुसायच्या काही द्रवांत आणि काही धातूच्या पॉलिशांत तो असतो. पितळ त्याने झटकन चमकतं, पण ठोकून किंवा ओढून घडवलेल्या पितळेच्या अंगात ताण राहिलेला असतो आणि अमोनिया तिथेच तडे पाडतो. ही गोष्ट कळली तीही काडतुसांमुळेच, आणि आपल्याच देशात. ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पुंगळ्यांना तडे गेलेले सापडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला ताण असं तिहेरी कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये मांडलं. त्यावरचा इलाज म्हणजे पुंगळी घडवल्यावर हलकी तापवून ताण घालवणं. तुमच्या पणजीच्या हंड्याला तसं तापवलेलं असेलच असं नाही, म्हणून अमोनियाचं पॉलिश असेल तर चोळून लगेच धुवा. त्यात भांडं बुडवून ठेवायचं नाही.

राहता राहिलं स्वयंपाकाचं भांडं. बाहेरची लाली दिसायला वाईट, बाकी त्रास नाही. आतून कल्हई असेल तर आत ना आंबट, ना राख, ना पॉलिश. नुसता साबण आणि मऊ फडकं, कारण कथिलाचा तो थर पातळ असतो. आत पिवळा किंवा लाल धातू डोकावायला लागला असेल तर त्या भांड्यात आमटी, ताक, चिंचेचं सार काही ठेवू नका, कळकेल. आतली लाली घासून पिवळी करण्यात वेळ घालवू नका. भांडं कल्हईवाल्याकडे द्या.

ओतीव पितळेत कातकाम सोपं जावं म्हणून बरेचदा शिसंही घातलेलं असतं. म्हणून समया आणि मूर्ती ओल्याच घासा, सुक्या पॉलिश कागदाने धूळ उडवू नका, आणि हात धुतल्याशिवाय मोदकांच्या उकडीला लागू नका.